न दिलेला लुकमा

फ्रिजच्या भांडणानंतर फुफा पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते, म्हणून मम्मीने सकाळपासून कुणाशी भांडण काढलं नव्हतं. ती ताकद राखून ठेवत होती.

फुफा म्हणजे अब्बांच्या धाकट्या बहिणीचे, आमच्या फुफीचे नवरे. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून त्यांना एक खोडच जडली होती, समोरच्याला दिसेपर्यंत भिंगं बदलत राहायची. "आता दिसतंय? आता? आणि आता?" वर्षभर हेच त्यांनी कुराण शरीफमधल्या आकड्यांबद्दल चालवलं होतं. कुठला शब्द किती वेळा येतो, कुठलं अक्षर कुठल्या सुरेत, म्हणजे अध्यायात, किती आणि सगळं कसं एकोणिसाच्या पटीत बसतं. संगणकावर मोजायचे आणि रंगीत स्लाइड बनवायचे. वस्तीच्या सभागृहात त्यांची व्याख्यानंही झाली होती. लोक टाळ्या वाजवत होते. पुढचं व्याख्यान शुक्रवारी होतं आणि त्यासाठी त्यांना आमची दादी हवी होती.

दादी हाफिजा. सगळं कुराण तोंडपाठ, तेही परकर नेसायच्या वयापासून. रोज सकाळी आमच्या पुढच्या खोलीत मुली तिच्यासमोर बसून डुलत डुलत पाठ करतात. त्यांच्या आयाही तिथंच शिकल्या आणि काहींच्या आज्याही. वस्तीत कुणाच्या पाठांतराबद्दल वाद झाला की लोक किताब उघडायच्या आधी दादीला विचारायला येत. ती म्हणेल ते बरोबर. नंतर किताब उघडून बघत, तर किताबही तेच म्हणत असे.

आणि अब्बा. अब्बा वजनकाटे तपासतात आणि दुरुस्त करतात. सोनाराचा, भंगारवाल्याचा, दवाखान्यात बाळाला निजवतात तो. केसाएवढा फरक असला तरी काटा परत. 'चालेल' हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कुणी ऐकलेला नाही. माझ्यासाठी मुलगा बघून आले तेव्हाही ते 'बघू' म्हणाले होते. माझी मुलगी आता शाळेत जायला लागली, ते अजून बघतायत.

तर असे हे मेहुणे-मेहुणे जेवून उठले, आणि हात पुसता पुसताच फुफांनी लॅपटॉप उघडला.

"भाईजान, ही नवी सुरा बघा," फुफा म्हणाले. "हा शब्द. अडतीस वेळा. एकोणीस दुणे अडतीस!"

कुठली सुरा आणि कुठला शब्द ते मी इथं मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही हे प्रकरण बाजूला ठेवून मोजायला बसाल, आणि आमच्या घरात त्या मोजण्याने जे झालं तेवढं पुरे आहे.

अब्बांनी चष्मा लावला. तो फुफांच्याच दुकानातला, आणि त्याचा नंबर चुकलाय असं त्यांचं म्हणणं. "अनेकवचन धरलंस?"

"नाही. ते वेगळं रूप."

"आणि हा इथला? जोडून आलाय तो?"

"तो धरला. त्याचं मूळ तेच आहे ना."

"मग अनेकवचनाचं मूळ काय दुसऱ्या गावचं आहे?"

मम्मी भांडी उचलायची थांबली. तिचा दिवस सुरू झाला होता.

"भाईजान, प्रत्येक गोष्टीला काहीतरी नियम लावावाच लागतो," फुफा म्हणाले.

"लावावा की. पण माल टाकायच्या आधी. तू माल टाकतोस, काटा कुठं थांबतो ते बघतोस आणि मग वजन कापून त्याला जुळवतोस. बाजारात याला दुसरा शब्द आहे, घरात बायका आहेत म्हणून बोलत नाही."

"आम्हाला माहीत आहे तो शब्द," मम्मी म्हणाली.

अब्बा उठले आणि नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याबरोबर येतं ते माहितीपत्रक घेऊन आले. म्हणजे तयारी आधीपासून होती. "पारडी बदलून बघायचं, आमच्या धंद्यात पहिला धडा हाच. उजवीकडचं डावीकडे टाका. मी पण एकोणीस शोधले. ह्यात 'वजन' शब्द एकोणीस वेळा. 'वजनाने' धरला, 'वजनकाटा' सोडला. 'बॅटरी' पण एकोणीस वेळा, फक्त शेवटचं पान मोजायचं नाही. मग काय, हा पण चमत्कार? कंपनीला सांगू?"

फुफी फस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून खोकल्यासारखं केलं. नवरा शेवटी नवरा असतो. पण फुफांनी ऐकलंच.

"तुम्ही चेष्टा करा," फुफा लाल झाले. "माझ्या व्याख्यानानंतर एक पोरगा रडत आला माझ्याकडे. कॉलेजातला. म्हणाला, चाचा, आज पहिल्यांदा मला मनापासून पटलं. त्याला काय तुमचं माहितीपत्रक देऊ?"

अब्बांनी माहितीपत्रक घडी करून बाजूला ठेवलं. "त्याच पोराची मला काळजी वाटते," मग ते म्हणाले. "उद्या कुणीतरी त्याला तुझा आकडा चुकीचा काढून दाखवेल. तो काय म्हणेल? चाचा चुकला म्हणेल, का किताब चुकली म्हणेल? जे मुळात उभं आहे त्याला तुझ्या बांबूचा टेकू कशाला रे बाबा? बांबू सरकला की लोकांना वाटतं भिंत पडली."

"बांबू कोण?" मम्मीने विचारलं. तिला सगळं स्पष्ट लागतं.

खिडकीपाशी दादी तस्बीहचे मणी ओढत बसली होती. आमच्या घरात वाद झाला की ती ऐकत नाही असं सगळे धरून चालतात, आणि तीही तसं चालू देते.

"अम्मीजान," फुफा तिच्याकडे वळले, "तुम्हीच सांगा. संगणक नको, भाईजानचा काटा नको. तुम्ही ती सुरा म्हणा. शब्द आला की एक मणी. जे येईल ते मला कबूल."

"नियम?" अब्बांनी विचारलं.

"नियम मी सांगते," दादी म्हणाली. "कानाला तो शब्द आला की मणी. एकवचन काय न् अनेकवचन काय, मला माहीत नाही. मी शाळेत गेलेले नाही."

अब्बा खूश झाले. नियम आधी ठरला, तपासणारी तिऱ्हाईत आणि हत्यार शंभर टक्के अचूक. हातपाय धुऊन, टोपी घालून त्यांनी किताब उघडली आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. हाफिज म्हणायला बसला की कुणीतरी समोर किताब धरून ऐकतो. म्हणणारा कुठं चुकला, अडला, की ऐकणारा पुढचा शब्द सांगतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. दादीने शेकड्याने मुलींना लुकमे दिले होते. दादीला लुकमा दिलेला माणूस आमच्या माहितीत नव्हता.

ती म्हणू लागली. दादीचा आवाज बोलताना फाटका आहे, पण म्हणताना तो आजही तिशीतल्या बाईचा होतो. पंख्याच्या आवाजावर तो सरळ चालला. मम्मी भांड्यांसकट दारात उभी राहिली. मधून मधून एक मणी टक् करून सरके आणि फुफांचे ओठ आकडा पुटपुटत.

पुढचं अब्बांनी मला सांगितलं, पण फार नंतर आणि एकदाच.

त्या सुरेत दोन आयती, म्हणजे दोन वचनं, अशा आहेत की दोघींचा शेवट जवळजवळ सारखा. किताबीत अशा जागा पुष्कळ आहेत आणि हाफिज लोक घसरतात ते तिथंच, कारण एकीच्या शेपटीवरून जीभ दुसरीच्या पुढं जाते. कच्च्या मुलींना दादी अशा जागी आधीच बोट वर करून सावध करायची. त्या दिवशी ती पहिल्या आयतीच्या शेवटाला आली, आणि पुढची ओळ सोडून थेट पलीकडच्या पानावर गेली. अडली नाही, चाचरली नाही. आवाज तसाच सरळ.

अब्बांचं बोट होतं तिथं थांबलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपलंच बोट चुकलं. दादी आणि किताब यांत फरक पडला तर माणूस आधी स्वतःचे डोळे चोळतो. मग त्यांनी पान उलटलं, आणि ती जे म्हणत होती ते तिथं सापडलं. मधली ओळनओळ त्यांच्यासमोर तशीच पडून होती. लुकमा द्यायला तोंड उघडलं. एक शब्द बोलायचा होता. तोंड तसंच मिटलं.

"हिंमत झाली नाही," अब्बा मला म्हणाले. बस, एवढंच.

फुफीला किताब पाठ नाही. ती दवाखान्यात नर्स आहे, तिला माणसं पाठ आहेत. तिने भावाचं बोट थांबलेलं पाहिलं, पान घाईने उलटलेलं पाहिलं आणि त्याच्या मानेवर एकदम आलेला घाम पाहिला. 

दादी थांबली. तस्बीहचा तेहतीस मण्यांचा एक फेरा पूर्ण आणि वर पाच मणी.

"अडतीस!" फुफा खुर्चीतून उठलेच. "भाईजान! अडतीस! अम्मीजानच्या नियमाने, तुमच्या नियमाने! काय येतं? एकोणीस दुणे?"

सगळे अब्बांकडे बघत होते. मम्मी तर अशा नजरेने, जणू तिच्या माहेरची इज्जत पणाला लागली होती.

अब्बांनी किताब मिटली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?" मम्मी ओरडली.

"अडतीस. बरोबर आहे."

फुफांना जिंकायची इतकी सवय नव्हती, त्यामुळे पुढं काय करायचं हे त्यांना कळेना. त्यांनी अब्बांना मिठी मारली. मग लगेच लॅपटॉप घेऊन स्लाइडवर टाइप करायला बसले: 'नामवंत हाफिजांनी स्वतः म्हणून पडताळलेलं.' खाली दादीचं पूर्ण नाव.

अब्बा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि पाठोपाठ फुफी.

"किती?" फुफीने दार लोटून विचारलं.

"काय किती?"

"भाईजान, मी पेशंटच्या नातेवाइकांशी खोटं बोलते, त्यावर पगार घेते. मला शिकवू नका. किती सोडलं अम्मीने?"

अब्बांनी ग्लास भरला, प्यायला विसरले. "तुला कसं कळलं?"

"मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. फोनवर अम्मी एकच गोष्ट दोनदा विचारते. गोळ्या घेतल्या का विचारलं तर डबी उघडून मोजते आणि मग सांगते. मला वाटलं, बाहेरचं विसरतेय तर विसरू दे. आतलं शाबूत आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला तपासायला बसला असता. काटा घेऊन."

अब्बांनी यावर भांडायला हवं होतं. ते ओट्यावर टेकले. "एक पान गेलं," ते म्हणाले. "आणि मी बघत बसलो. अल्लाहची किताब माझ्यासमोर उघडी, आणि मी गप्प."

फुफीने त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला, कारण तो सांडत होता. लहानपणापासून दोघांचं पटलं नाही. फ्रिजपासून त्यांच्या वडिलांच्या घड्याळापर्यंत सगळ्यावरून भांडले. त्या दिवशी ती त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकून उभी राहिली.

"शुक्रवारी हे सभेत सांगतील," फुफी म्हणाली. "अम्मीचं नाव घेऊन. समोर दहा तरी हाफिज बसलेले असतात, भाईजान. एखादा घरी जाऊन मोजेल."

"मोजेल."

"आणि मग?"

"मग म्हणतील, म्हातारीचं गेलं."

संध्याकाळी फुफा-फुफी निघाले. दारात फुफांनी दादीचे हात हातात घेतले, डोळ्यांना लावले. खरंच डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मम्मी अब्बांशी बोलत नव्हती. दिवेलागणीला अब्बा दादीच्या खोलीत औषध द्यायला गेले.

"बस," दादी म्हणाली. "किती गेलं?"

"काय किती?"

"मला काटेवाल्याची भाषा नको. तू जन्मात कुणाला 'बरोबर आहे' म्हणाला नाहीस. निकाह लावताना काझीलासुद्धा पुन्हा वाचायला लावलंस. आज त्या येड्या दामादाला एका शब्दात बरोबर म्हणालास, तेव्हाच मला कळलं. किती?"

"एक पान. थोडं कमी."

 दादी मनातल्या मनात म्हणून बघत होती, ओठ हलत होते. त्या जागी आली, थांबली. परत मागे गेली, परत आली. अब्बांना ते बघवेना.

"त्या पानात तो शब्द होता?"

"दोनदा."

"म्हणजे चाळीस."

"चाळीस."

"चाळीस एकोणिसात जात नाहीत."

"नाही जात."

"तरी म्हटलं, दामादाचं बरोबर कसं आलं." मग म्हणाली, "लुकमा का नाही दिलास?"

अब्बा औषधाचं झाकण उघडून परत लावायला लागले.

"अरे, लुकमा देणं म्हणजे अपमान असतो का? मी काय सगळ्या मुलींचा अपमान करत आले?" आणि मग तिने अब्बांचं मनगट धरलं. "मला माझं काही नाही रे. मेल्यावर अल्लाह विचारेल तेव्हा सांगीन, तूच दिलं होतंस, तूच नेलंस. पण मुली? उन्हाळ्यापासून मला विसरायला होतंय, आणि त्या माझ्या तोंडून शिकतायत. कुणाकुणात मी काय काय गाळलं असेल? त्या म्हाताऱ्या होईपर्यंत तसंच म्हणतील, माझं नाव सांगून म्हणतील. उद्या त्यांना सांग, येऊ नका. दुसरीकडे जा."

"अम्मी."

"सांग म्हणते ना."

अब्बा काटेवाले आहेत, त्यांना दुसरं काही बोलता येत नाही. ते म्हणाले, "झिजलेला काटा आम्ही फेकत नाही. दुकानदाराचा हात त्याच्यावर बसलेला असतो. शेजारी एक पक्कं वजन ठेवायचं आणि रोज ताडून बघायचं. वर्षानुवर्षं चालतो."

"पक्कं वजन म्हणजे?"

"किताब. ती धरून मी बसतो."

दादीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुला यायचं नाही नीट वाचायला. लहानपणी दुकानात पळून जायचास."

"म्हणून तर."

शुक्रवारी फुफांचं व्याख्यान झालं. दादीच्या नावाची स्लाइड त्यात नव्हती. आदल्या दिवशी दादीने त्यांना बोलावलं, दार लावून घेतलं आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता, त्यामुळे उंबऱ्याला अडखळले. सभेत कुणीतरी त्या सुरेबद्दल विचारलं. फुफा म्हणाले, "माझं मोजणं चुकलं होतं." बाकीचे एकोणीस त्यांनी तसेच ठेवले, माणूस एका दिवसात किती बदलणार? पण ते एक वाक्य ऐकून आल्यावर मम्मीने त्यांच्यासाठी डबा पाठवला. फ्रिजचा विषय त्या डब्यात मिटला असं फुफी म्हणते. मम्मी म्हणते, बघू.

माझी मुलगी दादीच्या मुलींत बसते. तिला सोडायला मी गेले तेव्हा अब्बा दुकान उशिरा उघडायचं ठरवून सतरंजीवर मुलींच्या रांगेत मांडी घालून बसले होते, मांडीवर उघडी किताब. गुडघे दुखत असणार. मुली त्यांच्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या.

"हसायचं नाही," दादी म्हणाली. "हा कच्चा आहे. लहानपणी शिकला नाही, म्हणून आता आलाय. कुणी याला चिडवायचं नाही."

"हो, दादी," सगळ्या म्हणाल्या. अब्बांनीही मान हलवली.

ती म्हणू लागली, मुली मागून. पंखा चालू होता. बऱ्याच आयती सरळ गेल्या. मग एका ठिकाणी अब्बांचं बोट थांबलेलं मला दिसलं, आणि त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"अम्मी, मला कळलं नाही. ह्याच्या नंतर काय येतं?"

दादी थांबली. तिने डोळे मिटले, ओठ हलवले आणि बराच वेळ काही येईना. मुली वाट बघत होत्या. अब्बांनी पानावर वाकून पुढचा शब्द मोठ्याने वाचला. त्यांच्या परीने.

एक मुलगी फिदकन हसली, कारण उच्चार साफ चुकला होता. दादीने डोळे उघडले. "असा नाही," ती अब्बांना म्हणाली, "घशातून काढ." तो शब्द तिने म्हणून दाखवला, त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतला, आणि मग पुढचं सगळं पान थांबल्याशिवाय म्हणाली. अब्बांचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत तिच्या मागून चालत होतं.